तफीदाची टोपली

खालचा दारवान बशीर माणसांना अडवण्यासाठीच जन्माला आलाय असं मला नेहमी वाटतं. पाचव्या मजल्यावर आमचं हॉटेल, तिसऱ्यावर डोळ्यांचा डॉक्टर, दुसऱ्यावर वकील, आणि दारात बशीर. कोण कुठे चाललंय हे त्याला कळल्याशिवाय लिफ्टची जाळी उघडत नाही. त्या दुपारी डोक्यावर टोपली घेतलेली एक धिप्पाड बाई आत शिरली तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे हात आडवा केला. वयस्क बाईला तो मानाने हाग्गाच म्हणतो.

"डॉक्टरकडे का, हाग्गा? तिसरा मजला."

"डॉक्टर झाला गेल्या वर्षी. मी हॉटेलात उतरायला आलेय."

"एकट्याच? सोबत कोणी पुरुषमाणूस नाही?"

"नवरा होता. तो कबरीत आहे. जाऊन बोलावून आणतोस का?"

हे मला बशीरनेच सांगितलं, आणि सांगताना स्वतःच हसत होता. त्याला असं कोणी झापलं की त्याचा दिवस चांगला जातो.

ती बाई म्हणजे तफीदा. दक्षिणेकडच्या मिन्या शहराजवळच्या खेड्यातली, कोंबड्या-कबुतरं पाळून आणि फतीर, म्हणजे तुपातल्या पदरांच्या रोट्या, विकून पोट भरणारी. मी इन्शिराह, 'शुर्फा' हॉटेलच्या काउंटरवर बसते. माझं तोंड जरा तिखट आहे, आणि ते मला कामाला येतं. कैरोत एकट्या बाईने खोली मागितली की निम्म्या हॉटेलवाल्यांच्या पोटात दुखायला लागतं. परदेशातली गोरी बाई चालते, तिला वर फुलंही देतील. आपली बाई आली की भाऊ कुठाय, नवरा कुठाय. आमच्याकडेही पूर्वी हेच होतं. मग जुन्या मालकांची नात दालिया, इमारती बांधायचं शिकलेली, तिने हे मोडकळीला आलेलं हॉटेल हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "एकट्या बाईला 'सोबत कोण' असं विचारणारा माणूस मला काउंटरवर नको." तेव्हाचा काउंटरवाला रुसून गेला. त्याच्या जागी मी बसले, ती अजून बसलेय.

दालियाकडे पैसा बेताचाच होता, म्हणून संगमरवर वगैरे भानगड नाही. तिने जमिनीवरचं मेणकापड उचकटलं, खालच्या जुन्या नक्षीदार फरश्या घासून घेतल्या, दारांवरचे रंगाचे थर खरवडून लाकूड मोकळं केलं, भिंतींना चुना दिला. प्रत्येक खोलीत एक चांगला पलंग, खिडकीशी एक खोलगट खुर्ची, पाय ठेवायला ठेंगणं स्टूल, आणि दिव्याचं बटण अगदी उशाशी. बास. भाडं असं की शाळेतल्या बाईलाही जड जाऊ नये.

तर तफीदाने टोपली काउंटरवर ठेवली. वरचं फडकं हललं. मी मागे सरकले.

"कबुतरं आहेत," ती म्हणाली. "जिवंत आहेत, घाबरू नकोस. खाली फतीर आहे, म्हशीचं तूप आहे, मुरवलेलं चीज आहे."

"हे सगळं कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. कोणाकडे राहायला जायचं तर काय हात हलवत जायचं?"

"अहो, आम्ही भाडं घेतो."

"भाडं खोलीचं. हे येण्याचं."

आमच्याकडे खेड्यातून येणारा माणूस भरलेली टोपली घेऊनच येतो, आणि ज्याच्या दारात ती उतरवतो तेच त्याचं घर. तसं ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण हॉटेलच्या काउंटरवर टोपली उतरवणारी मी तरी पहिलीच पाहिली. कबुतरं मी गच्चीकडच्या सज्ज्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत त्यांनी दालियाच्या लाडक्या फरश्यांची वाट लावली, ते सोडा.

खोली दाखवायला मी तिच्याबरोबर गेले. तिने ना खिडकी उघडली, ना न्हाणीघर पाहिलं. सरळ पलंगावर बसली, हात मागे नेला आणि दिवा लावला. विझवला. पुन्हा लावला.

"हीच," ती म्हणाली. "गेल्या वर्षी डोळे दाखवायला आले होते तेव्हा तुमची लिफ्ट तिसऱ्यावर थांबायची ती इथे येऊन थांबली. या खोलीचं दार उघडं होतं. कोणीतरी चादर घालत होतं. मी तेवढंच पाहिलं आणि खाली गेले. तेव्हापासून ही खोली माझ्या डोक्यातून जात नाही."

"एवढं काय पाहिलंत?"

"बटण," तिने सांगितलं. "माझ्या भावाचं घर इथेच कैरोत, शुब्र्यात आहे. तिथे मी बैठकीतल्या सोफ्यावर निजते. शेवटच्या माणसाचा टीव्ही पाहून झाला की दिवा विझतो, आणि पहिल्या माणसाला चहा हवा झाला की लागतो. अख्ख्या आयुष्यात दिवा मी माझ्या मर्जीने विझवलाय असं झालेलं नाही."

मग तिने सगळं सांगितलं. भावाचा, सब्रीचा, मुलगा बासेम याचं परवा लग्न. सब्रीकडे लग्न असो, ईद असो, मयत असो, तफीदाला आधी बोलावणं जातं. ती दारातून थेट स्वयंपाकघरात जाते आणि सगळे पाहुणे गेले की बाहेर येते. कोबीची पानं उकळायची, भात भरायचा, बदकं साफ करायची, ढीगभर भांडी. तिच्या हातची ही भरल्या पानांची महशी नसली तर शुब्र्यातल्या लोकांना जेवल्यासारखं वाटत नाही म्हणे.

"लोक माझं तोंड बघतच नाहीत, हात बघतात," ती म्हणाली. "या वेळी मी लग्नाला आलेय. स्वयंपाकाला नाही."

"घरी सांगितलंय?"

"लग्नाला येते म्हणून सांगितलंय. कुठे उतरणार हे कोणी विचारलंच नाही. त्यांनी सोफा धरलेला असणार."

बासेमचं नाव घेताना मात्र तिचा आवाज खाली आला. त्याची आई नवाल दुसऱ्या बाळंतपणात बराच काळ आजारी होती, तेव्हा बासेम तफीदाकडे वाढला. शाळेत जायच्या वयाचा होईपर्यंत तिच्याच कुशीत झोपायचा. त्याच्या लग्नासाठी तिने वाइनच्या रंगाचा मखमली झगा शिवून घेतला होता. तो तिने माझ्यासमोर दाराच्या खुंटीला टांगला आणि लांबून पाहिला.

तिला गावाहून घेऊन आलेला मायक्रोबसवाला मात्र गप्प बसणारा नव्हता. संध्याकाळी सब्री आणि नवाल आमच्या काउंटरसमोर हजर.

नेमकं त्याच वेळी मी फतीर कापून ताटात ठेवलं होतं आणि बशीर त्याचे पदर सोलून उसाच्या काकवीत बुडवून खात होता. सब्री आरडाओरडा करायच्या तयारीनेच आला होता, पण ताट पाहिलं आणि त्याचा आवाजच गेला.

"हे आमच्या आईच्या भट्टीतलं फतीर आहे," तो कसाबसा म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "फार सुरेख झालंय. घ्या की."

माझं चुकलंच असेल, पण मला राहवलं नाही. खोलीचं त्याला एवढं लागलं नसतं. खोली काय, लपवता येते, तब्येत बरी नव्हती म्हणून सांगता येतं. पण आयुष्यभर त्याच्या दारात उतरलेली टोपली परक्यांच्या दारात उतरली, आणि दारवान त्यातलं खात होता, हे त्याला गिळवेना.

तफीदा सपाता घालून बाहेर आली. केस नुकतेच धुतलेले, डोक्याला टॉवेल.

नवाल आधी बोलली. "कोबी उकळून ठेवलाय वन्सं, गार होतोय. राणीसाहेब कधीपासून झालात?"

"आज दुपारपासून."

"ताई, टोपली तू इथे उतरवलीस?" सब्री म्हणाला. "सख्ख्या भावाचं घर असताना? शुब्र्यात लोक माझ्या तोंडात शेण घालतील. नाक कापलंस माझं."

"तुझं नाक जागेवर ठेवता ठेवता माझी कंबर गेली, सब्री."

"कोणी जबरदस्ती केली होती तुझ्यावर? तू आपली म्हणून हक्काने सांगतो."

"हक्काने सांगतोस, हक्काने सोफ्यावर निजवतोस. आणि टोपली रिकामीच परत देतोस. इतक्या वर्षांत तिच्यात एक संत्रंसुद्धा घातलं नाहीस." ती एक पाऊल पुढे आली. "आज पहिल्यांदा तू माझ्या दारात आलास. हात बघ तुझे. कोणाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये हे आईने तुलाही शिकवलं होतं."

"तुझं दार?" सब्री ओरडला. "हे हॉटेल आहे."

"किल्ली माझ्याकडे आहे," तफीदा म्हणाली आणि खरोखरच झग्याच्या खिशातून किल्ली काढून दाखवली.

सब्रीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मग ऐक. आज घरी आली नाहीस तर परवा लग्नाच्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. दारात मी उभा असेन. आल्या पावली परत पाठवीन." तो निघून गेला. नवाल दोन पावलं मागे रेंगाळली, ताटातल्या फतीरकडे पाहिलं आणि त्याच्या मागे गेली.

ते गेल्यावर तफीदा काउंटरजवळच्या बाकावर बसली. रडली वगैरे नाही.

"तो पाठवेल परत," ती म्हणाली. "बापावर गेलाय. एकदा बोलला की बोलला."

"मग जा ना घरी," मी म्हटलं. "दोन दिवस सोसा. बासेमचं लग्न पुन्हा होणार आहे का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला जागा बदलावीशी वाटली. "तू इथे, या काउंटरवर बसतेस. आणि तूच मला हे सांगतेस? आज गेले तर मी पुन्हा सोफ्यावरच मरेन, इन्शिराह. आणि नाही गेले तर माझ्या मुलाला नवरदेव झालेला बघायला मिळणार नाही. दोन्ही मला कळतंय. मी काय दूधखुळी आहे?"

मी तिच्यासाठी चहा मागवला आणि काउंटर सोडून तिच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हॉटेलचा फोन थांबेना. मावसभाऊ झाला, गावचा शेख झाला, कोणीतरी दूरची आजी झाली. सगळ्यांचं एकच, तफीदाला समजवा.

"हाग्गा विश्रांती घेतायत," मी सांगायची.

"कसली विश्रांती?"

"झोपेची."

बाई धडधाकट आहे, तापबिप नाही, आणि झोपली आहे, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

ती झोपली नव्हती. खुर्चीत बसून, स्टुलावर पाय टाकून रस्त्याकडे पाहत होती. दालिया कबुतरांचं भांडण घेऊन तिच्याकडे गेली, मी मागोमाग, कारण मला तमाशा चुकवायचा नव्हता. पण दालियाने तोंड उघडायच्या आत तफीदाच म्हणाली, "ही खोली तू केलीस? खूप दमलेलं माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते."

दालिया थबकली. "माझी आई," ती म्हणाली. "याच मजल्यावर आजोबांच्या गिऱ्हाइकांची धुणी धुवायची. तिला बसायला एक खुर्ची नव्हती."

कबुतरांचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. फरश्या मीच धुतल्या.

लग्नाच्या दिवशी दुपारी तफीदा मखमली झगा घालून काउंटरशी आली. हातांवर मेंदी, कोपऱ्यावरच्या पार्लरमधून काढून आणलेली. "चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"लग्नाला. परत पाठवलं तर टॅक्सीत बोलायला कोणीतरी हवं."

सुट्टी मागितली तर दालिया म्हणाली, अजून इथेच काय उभी आहेस?

हॉलच्या दारात सब्री खरंच उभा होता. नवा सूट, गळ्यापर्यंत बटणं. बाहेर ढोलवाले वाजवत होते, शुब्र्यातले शेजारी रांगेने आत चालले होते, प्रत्येक जण त्याच्या गालाला गाल लावून मुबारक देत होता. तफीदाला पाहताच त्याचं हसू गेलं. ती मात्र चालीत जराही फरक न करता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुबारक असो, सब्री. सुना-नातवंडांनी घर भरो."

"मी काय सांगितलं होतं तुला?" तो दात आवळून म्हणाला.

"परत पाठवीन म्हणालास. पाठव. हात धर आणि पाठव. तुझे सगळे शेजारी आहेत, त्यांनाही बघू दे."

सब्रीचा हात उचललासुद्धा गेला नाही. ज्या लोकांसाठी त्याने एवढा थयथयाट केला होता तेच लोक आता मागे खोळंबले होते आणि मान वाकडी करून बघत होते. एका म्हातारीने तर विचारलंच, "काय गं तफीदा, आज बाहेरून? नेहमी तर तू आतच असतेस."

"आज पाहुणी आहे," तफीदा म्हणाली आणि आत गेली.

बासेमने तिला स्टेजवरून पाहिलं आणि बायकोचा हात सोडून खाली उतरला. तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं, मग तिचे दोन्ही हात उचलून नाकाशी नेले.

"आत्या, कांद्याचा वास नाही," तो म्हणाला.

"आज मेंदीचा आहे."

"मी काल बाबांना सांगितलं होतं, आत्याला दारातून परत पाठवलंत तर मीही खाली उतरेन. त्यांना वाटलं मी बोलतोय नुसता." त्याचे डोळे भरले, तेवढ्यात ढोल वाजला आणि मित्रांनी त्याला ओढून नेलं. तफीदा पुढच्या टेबलावर बसली. माझ्या माहितीत आपल्या माणसाच्या लग्नात ती पहिल्यांदाच बसून जेवत होती. जेवण घरून आलं होतं. तिने महशी तोंडात घातली, माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "भात कच्चा आहे," आणि ताट चाटूनपुसून खाल्लं.

नवाल मात्र एकदाही बसलेली दिसली नाही. चंदेरी टिकल्यांच्या झग्यात ती पातेल्यांपासून टेबलांपर्यंत धावत होती. घामाने तोंडावरचा रंग ओघळला होता. मुलाची आई असून फोटोसाठी तिला तीनदा हाक मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टची जाळी उघडली आणि नवाल बाहेर आली. एकटीच. हातात फडक्याने झाकलेलं ताट. मी म्हटलं, आता पुन्हा सुरू.

"वन्सं आहेत?"

"दार वाजवा. उघडतील."

मी चहा घेऊन मागोमाग गेले, तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती. "रिकाम्या हाताने आले नाही," तिने ताट पुढे केलं. "नव्या जोडप्याला सकाळी पोचवली त्यातलीच आहेत, भरलेली कबुतरं. यांनी पाठवलंय मला. गावी जाण्याआधी एक दिवस तरी घरी या म्हणाले. शेजारी विचारतायत."

"बस," तफीदा म्हणाली.

खोलीत खुर्ची एकच. नवाल बसली. तिचे पाय आपोआप स्टुलावर गेले. बूट काढले तर पावलं पावासारखी फुगलेली, पट्ट्यांचे वळ उठलेले.

"तुमच्यामुळे सगळं माझ्या अंगावर पडलं," ती म्हणाली. भांडायच्या सुरात सुरुवात केली होती, पण सूर टिकला नाही. "तीन रात्री धड झोप नाही. आता पुन्हा दुपारचे पाहुणे, मग चहा, मग रात्रीचं. हे म्हणतात, एवढं काय आहे, दरवेळी होतंच की."

"दरवेळी होतंच. माझ्या अंगावर."

"हो," नवाल म्हणाली. "तुमच्या अंगावर होतं म्हणून मला कधी दिसलं नाही."

तफीदाने पलंगावरची चादर एका बाजूने दुमडली. नवालने त्या पलंगाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा पलंगाकडे.

"दोन मिनिटं पाठ टेकते. मग निघू आपण दोघी."

ती आडवी झाली. मी चहाचा कप ठेवायला जागा शोधतेय तोवर तिचा श्वास जड झाला होता. तफीदाने खिडकीची लाकडी झडप ओढली, उशाशी हात नेला आणि दिवा विझवला.

आम्ही बाहेर आलो. काउंटरवर फोन वाजत होता. सब्री.

"नवाल तिथे आहे का? घरात माणसं बसलीयत. चहा कोण करणार?"

मी रिसीव्हर तफीदाकडे दिला.

"ती झोपलीय," तफीदाने सांगितलं.

तो एवढा ओरडला की मला पलीकडून ऐकू आलं. "झोपली? भरदुपारी? उठव तिला."

"नाही उठवणार. किटली शेगडीच्या वरच्या फळीवर आहे. साखर उजवीकडच्या डब्यात, चहा तिच्या मागे. घर तुझंच आहे, सापडेल."

तिने रिसीव्हर ठेवला. ती अनवाणी उभी होती, मी नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीवर. सज्ज्यात कबुतरं घुमत होती.

"इन्शिराह," ती म्हणाली, "शेजारची खोली रिकामी आहे का गं? माझा पलंग गेला."

मी किल्ली काढून तिच्या हातात दिली.